न दुखणारा पाय

कळंबच्या अलीकडे, हमरस्त्यालगतच्या पत्र्याच्या शेडपुढं दर गुरुवारी जत्रा भरायची. जीपगाड्या, टेम्पो, एसटीतून उतरलेली म्हातारीकोतारी, नारळांचे ढीग. सगळे यायचे ते काटेबाबाला बघायला. बाबा साखरेचा आजार असलेल्या माणसाला पुढ्यात बसवायचा, डोळे मिटायला लावायचा आणि पायाच्या तळव्यात बाभळीचा बोटभर काटा खुपसायचा. रक्ताचा थेंब यायचा, पण माणूस हूं की चूं करायचा नाही.

"वत्सा, वेदना झाली?"

"न्हाई बाबा."

"कशी होईल? वेदना मी शोषून घेतली. तुझी साखर आता माझ्या देहात आली. गोळ्या फेकून दे." एवढं बोलून बाबा स्वतःचं पोट धरून असा कण्हायचा, की अख्ख्या आंबेगाव तालुक्याची साखर त्याच्याच पोटात उतरली असावी. बायका पदरानं डोळे पुसायच्या.

महाळुंगे पडवळची तानूबाईही त्यांतलीच एक. तिचा नवरा राघू मेंढरं विकून शेतीला लागलेला. साखर जुनी, बिडी त्याहून जुनी. पूर्वी त्याच्या तळव्यांची आग आग व्हायची, पुढं ती आपोआप थांबली होती. बाबानं काटा टोचला आणि राघू ढिम्म हलला नाही, तेव्हा तानूबाईनंही हात जोडले. त्या दिवसापासून गोळ्या बंद झाल्या.

काट्याची जागा भरून आली नाही. तिथं भोक पडलं, त्यातून पाणी झरू लागलं. राघू त्यावर बाबाचा अंगारा दाबायचा आणि दिवसभर उसाला पाणी द्यायचा, चिखलात, अनवाणी.

"अवं, पायाला वास मारतोय," तानूबाई म्हणाली.

"दुखत तर न्हाई. मग कशाला भ्यायचं?"

अंगठा काळा पडला. बाबा म्हणाला, "विष बाहेर निघालं." पुढच्याच आठवड्यात राघूला हुडहुडी भरली, तो बरळू लागला. तेव्हा कुठं त्याला टेम्पोत घालून मंचरला डॉक्टर थोरातांकडं आणलं.

ताप उतरून राघू शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी जखमेत बारीक सळई घातली. आत ती हाडाला टेकली. त्यांनी घोट्यापाशी नाडी चाचपली, ती लागली नाही. मग विचारलं, "राघूभाऊ, चालताना चप्पल निसटून मागं राहिली, तर कळतं का तुम्हाला?"

"न्हाई. कुणी हाक मारली तरच कळतं."

तानूबाई चपापली. हाच प्रश्न तिनं आधी ऐकला होता. शेडच्या दारात बाबाचा चेला भिका प्रत्येकाला हेच विचारायचा. 'न्हाई कळत' म्हणणाऱ्याला पुढं बसवायचा. 'कळतं की' म्हणणाऱ्याला पुढच्या गुरुवारी यायला सांगायचा.

"डाक्टर, ह्या सवालाचा अर्थ काय?"

"साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात, तानूबाई. मग काटा काय नि खिळा काय, कळतच नाही. मेंढवाड्यावरचं कुत्रं मेलं तर लांडगा मेंढरांत शिरला तरी कोण भुंकणार? त्यात बिडीनं रक्तवाहिन्या आवळल्या. पायाला रक्त पोचत नाही, तर जखम भरणार कशी? सुरुवातीलाच आला असता तर बहुतेक पाय वाचला असता."

पुण्याला नेऊन राघूचा पाय गुडघ्याखाली कापला.

राघू घरी आला त्याच्या पुढच्या गुरुवारी तानूबाई एकटीच कळंबला गेली. दारात भिकानं चपलेचं विचारलं. "न्हाई कळत," ती धडधडीत खोटं बोलली. भिकानं तिला पुढं बसवलं. बाबानं मंत्र पुटपुटला, काटा टोचला.

"माते, वेदना झाली?"

"झाली की. लई दुखलं."

पुढच्या रांगेतल्या बायका माना उंचावून बघू लागल्या.

"तुझ्या मनात पाप आहे," बाबा म्हणाला.

"पाप न्हाई, पायात जीव हाय." ती लोकांकडं वळली. "दारात इचारतात ना, चप्पल निसटलेली कळती का? ज्यांचे पाय साखरेनं बधिर झाल्यात, तेवढेच ह्यो निवडून पुढं घेतो. बधिर पायाला दुखंल कसं? ह्यानं काटा टोचला, त्यातनंच आमच्या मालकांचा पाय गेला."

भिकानं तिचं बखोट धरून तिला बाहेर काढलं. थोडी माणसं उठली, पण बरीचशी बसूनच राहिली. "हिच्या नवऱ्याची भक्ती कमी पडली," कुणीतरी म्हणालं आणि माना डोलल्या. उठलेल्यांत अवसरीची सरूबाई होती. तिच्या नवऱ्याच्या, गेणभाऊंच्या पायाला चिंधी बांधलेली होती. तानूबाईनं रस्त्याकडेला ती सोडली, जखम पाहिली आणि दोघांना घेऊन थेट मंचरचा दवाखाना गाठला. गेणभाऊंचं एक बोट गेलं, पाय राहिला.

काटेबाबानं नंतर जुन्नरकडं दुसरी शेड टाकली. तिथंही गर्दी जमते म्हणतात.

तानूबाईनं घरी सगळं सांगितलं तेव्हा राघूनं कापलेल्या पायावरचं धोतर सारखं केलं. मग म्हणाला, "तवा मला लई भारी वाटलं व्हतं, तानू. एवढ्या माणसांत मलाच दुखलं न्हाई."

तिनं त्याचा उरलेला पाय मांडीवर घेतला आणि तळवा निरखून पाहिला.

साखर असलेल्या माणसानं पाय दुखत नाही म्हणून तो बरा आहे, असं समजू नये. रोज तळवे बघावेत, दिसत नसतील तर घरच्यांना दाखवावेत. बिडी सोडावी, अनवाणी फिरू नये. जखम दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात जावं. कुणी बाबा जखमेवर मंत्र म्हणत असेल तर म्हणू द्यावा, आपण एसटी पकडावी.