कापलेली अकरा मिनिटं

नरसंहारांचा अभ्यास करणाऱ्या त्या संस्थेत ताईने बावीस वर्षं काढली होती. जीव वाचलेल्या चारशे माणसांना तिने बोलतं केलं. फक्त सख्ख्या मावशीपुढे तिची डाळ शिजली नाही. मावशीचं अख्खं सासर कत्तलीत गेलं होतं. विषय निघाला की ती म्हणायची, "आज नको गं."

आणि गेल्या वर्षी संस्थेत आलेल्या धाकट्या बहिणीला मावशीने सलग तीन तास सांगितलं. आधी दारांवर खुणा झाल्या, मग शेजारी बोलेनासे झाले, सगळं. असा धोका पुढे वेळीच ओळखता यावा म्हणून ही मुलाखत अहवालात जाणार होती. जो तो धाकटीचं कौतुक करत होता. ताईही "छान झालं" म्हणाली, पण आतून जळफळाट होत होता.

खोट काढायचीच म्हणून ती कानाला हेडफोन लावून बसली. दुसऱ्या तासात मावशीचं वाक्य मध्येच तुटलं होतं. अकरा मिनिटं गायब. ताईला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"साक्ष कापायची नसते, एवढंही कळत नाही हिला?" तिने संचालकांसमोरच विचारलं.

धाकटीने मान खाली घातली. "ताई, ते राहू दे."

ताई तडक मावशीकडे गेली. मावशी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तिला सांगितलंस. मी तुझं काय घोडं मारलं होतं?"

मावशीने उशीच्या अभ्र्याची घडी घालून बाजूला ठेवली. "त्या दुपारी मी तुमच्या दारात आले होते. तुझ्या आईने कडी काढली नाही. घाबरली होती. 'मावशी आली' म्हणून तू आतून ओरडलीस, तर तिने तुझं तोंड दाबलं. चार वर्षांची होतीस तू. धाकटी तेव्हा जन्मलीही नव्हती, म्हणून तिला सांगू शकले."

ताईला त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

"हे अहवालात घालू?"

"घाल. वाचायला आता तुझी आई थोडीच राहिली आहे."

दुसऱ्या दिवशी ताईने संचालकांसमोर धाकटीची माफी मागितली. मग मूळ रेकॉर्डिंगमधली ती अकरा मिनिटं स्वतः ऐकून उतरवली, आणि आतली मुलगी म्हणून स्वतःचं नाव लिहिलं.

"तुला झेपणार नाही असं वाटलं गं," धाकटी म्हणाली.

मुलाखत झाल्यापासून दोन महिने हिला सगळं माहीत होतं, आणि ही रोज शेजारी बसून निमूट डबा खात होती. आपल्याला हे जमलं असतं का? ताईला पुन्हा तिचा हेवा वाटला, आणि या वेळी तो कुठे लपवावा ते तिला कळेना.