घागकाका नापास कसे झाले

एकोणीसशे नव्याण्णव साली डोंबिवलीत जिकडे बघावं तिकडे कम्प्युटर क्लास होते आणि प्रत्येक क्लासच्या पाटीवर पृथ्वीचा गोळा काढलेला असायचा. मानपाडा रोडवरच्या चांगदेव सरांच्या क्लासवरही होता. आत मात्र इंटरनेटचा पत्ता नव्हता. टेलिफोन एकच, आणि तो चौकशीच्या फोनसाठी मोकळा ठेवायचा, असा सरांचा दंडक. त्यामुळे तिथे वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या सुहासिनीनं स्वतः एकही वेबसाइट कधी खऱ्या इंटरनेटवर चढवली नव्हती. तिचं सर्टिफिकेट प्रश्नसंच पाठ करून मिळालेलं होतं. चार उत्तरांतलं एक निवडायचं आणि पुढे जायचं. आता त्याच सर्टिफिकेटला प्रॅक्टिकल सुरू झालं होतं आणि त्याची तयारी ती करून घेत होती. तुम्हाला हे येतं का, असं तिला कोणी विचारलं नाही आणि आपण होऊन सांगायचं तिलाही काही कारण दिसलं नाही.

शिकवायची मात्र ठणठणीत आवाजात. आपल्याला कमी येतं हे मनातून ठाऊक असलेली माणसं जरा जास्तच ठासून बोलतात, त्यातली गत. "मी फळ्यावर लिहिते तसंच्या तसं उतरवायचं. आपली अक्कल चालवायची नाही," असं ती पहिल्याच दिवशी बजावायची.

त्या बॅचला चंदू आणि मालू ही दोन कॉलेजातली मुलं होती आणि चाळिशी ओलांडलेले महिपत घाग होते. त्यांना सगळे घागकाका म्हणत. दिवा स्टेशनजवळ एका चाळीत राहायचे. रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, तो कारखाना बंद पडला. तिथल्याच एका जुन्या साहेबांनी ठाण्यात माजिवड्याला नवं ऑफिस थाटलं होतं. दुकानांची आणि कंपन्यांची कामं वेबसाइटवर आणून द्यायचा धंदा. साहेब म्हणाले होते, "घाग, तुम्ही माणूस भरवशाचे. दिवाळीच्या आत सर्टिफिकेट आणा, जागा ठेवतो." बस, एवढ्या एका वाक्यावर काका रोज सकाळी येऊन दोन बोटांनी टायपिंग करत बसायचे.

प्रोजेक्ट म्हणून काकांनी चाळीच्या पाण्याच्या तक्रारीचं पान केलं. नाव लिहा, खोली नंबर लिहा, तक्रार लिहा, बटण दाबा, की तक्रार साठवली जायची. "काका, नळाला नाही तर नाही, स्क्रीनवर तरी पाणी येऊ द्या," असं चंदू चिडवायचा. काका हसायचे आणि पुन्हा फळ्याकडे बघून एकेक अक्षर पडताळायचे.

बटण दाबल्यावर माहिती कुठे जायची, त्याचा पत्ता पानात लिहावा लागतो. क्लासमध्ये सगळं साठवलेलं असायचं ते तीन नंबरच्या कम्प्युटरवर. म्हणून सुहासिनी पत्त्यात त्या कम्प्युटरचं नाव घालायला शिकवायची. सगळे कम्प्युटर वायरीनं जोडलेले असल्यामुळे ते बिनबोभाट चालायचं. क्लासच्या बाहेर ते चालेल का, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता, कारण तिनं ते क्लासच्या बाहेर कधी चालवलंच नव्हतं.

प्रॅक्टिकल ठाण्याला होतं. फ्लॉपीवर प्रोजेक्ट न्यायचा, तिथल्या कम्प्युटरवर घालायचा आणि परीक्षकांना चालवून दाखवायचा. ठिकठिकाणच्या क्लासच्या शिक्षकांसाठी मागे भिंतीला लागून खुर्च्या मांडल्या होत्या. सुहासिनी इस्त्रीचा ड्रेस घालून त्यातल्या एका खुर्चीवर बसली होती. शेजारी कल्याणच्या एका मोठ्या क्लासचे सर होते. त्यांनी तिला तुमच्याकडे इंटरनेट कुठलं घेतलंय म्हणून विचारलं, तेव्हा तिनं विषय हवापाण्यावर नेला.

चंदूचा प्रोजेक्ट झटक्यात चालला. मालूचाही चालला. मग काका बसले. त्यांनी नाव लिहिलं, खोली नंबर लिहिला, तक्रार लिहिली आणि बटण दाबलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पांढरं पान आलं. असा पत्ता सापडत नाही, असं त्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं. काकांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच पान.

सुहासिनीला मागूनही दिसलं. पत्त्यात क्लासच्या तीन नंबरच्या कम्प्युटरचं नाव होतं आणि तो कम्प्युटर तर डोंबिवलीत होता.

परीक्षक सज्जन होते. हळू आवाजात म्हणाले, "घाग, हे नाव इथे कशाला घातलंत? नुसतं फाइलचं नाव पुरतं. असं शिकवलंय का तुम्हाला?" आणि त्यांनी मागच्या खुर्च्यांकडे नजर टाकली.

तेव्हा उठून, "हो, मी शिकवलंय," एवढंच म्हणायचं होतं. त्या दोघांचे प्रोजेक्ट चालले होते, शेजारी कल्याणचे सर बसले होते, सगळी खोली बघत होती. सुहासिनीनं पर्स उघडली आणि रुमाल शोधू लागली.

"नाही सर," काका म्हणाले. "मॅडमनी बरोबर शिकवलेलं. माझ्याच डोक्यात काहीतरी उलटंसुलटं झालं."

बाहेर आल्यावर काका पाणी प्यायला गेले तसं तिनं चंदूला गाठलं. "तुझं कसं चाललं?"

चंदू घुटमळला. "मॅडम, रागावू नका. माझ्या मामाकडे कम्प्युटर आहे. तिकडे चालवून बघितलं तर चालेचना. मग मी क्लासचं नाव काढून टाकलं. मालूला पण सांगितलं."

"आणि काकांना?"

"त्यांना पण सांगितलेलं ना. ते बोलले, मॅडमनी सांगितलंय तेच ठेवणार. मॅडमपेक्षा तू शहाणा का रे."

म्हणजे तिच्यावर ज्यानं पुरता विश्वास ठेवला, तेवढा एकच माणूस नापास झाला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी घरी जाताना ती काकांना काही बोलली नाही.

आठवड्यानं काका क्लासला आले ते निरोप घ्यायला. दारातच चपला काढून उभे राहिले. "मॅडम, माझ्यामुळे तुमचं नाव खाली गेलं. माफी मागायला आलो. घरी पण सांगून टाकलं, आपलं डोकं आता गंजलं. मेव्हण्याच्या मसाल्याच्या दुकानात पुड्या बांधायला जातो एक तारखेपासून."

"पुन्हा बसा ना काका परीक्षेला," ती म्हणाली. तेही नको इतक्या बारीक आवाजात.

"नको मॅडम. एकदा हसं झालं तेवढं बस."

ते गेल्यावर तिनं फळ्यावर एक अक्षरही न लिहिता तास घेतला. त्यानंतरचे दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. आईनं विचारलं तर आईवरच खेकसली. आपण भित्र्या आहोत हे तिला आता स्वच्छ कळलं होतं आणि ते कळूनही आणखी दोन दिवस घरात बसून राहावं, याचीच तिला जास्त शरम वाटत होती. रविवारी सकाळी ती दिव्याला गेली.

काका दारातच टाकीला नळी लावत होते. तिला बघून इतके खूश झाले की तिला उलट पावली परत जावंसं वाटलं. त्यांनी खुर्ची पुसून दिली. ती बसली नाही.

"काका, चूक तुमची नव्हती. मी चुकीचं शिकवलं. तुम्ही मी सांगितलं तसंच लिहिलं होतंत."

काका नळी हातात धरून उभे राहिले. "तसंच होतं?"

"अक्षरन् अक्षर."

"म्हणजे मी चुकलो नव्हतो."

"नाही."

काका रागावतील असं तिला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आत हाक मारली, "गोदा, इकडे ये जरा." गोदाबाई हात पुसत आल्या. "मॅडम, हे पुन्हा एकदा सांगाल? हिच्यासमोर."

सुहासिनीनं पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळी जास्त जड गेलं, कारण आता ती काय सांगणार हे काकांना माहीत होतं आणि ते एकेक शब्द तहानलेल्यासारखे ऐकत होते.

गोदाबाई उंबऱ्यावरच टेकल्या. "मी ह्यांना काय नाही ते बोलले," त्या म्हणाल्या. "ह्या वयात शाळेची हौस कशाला म्हटलं. शेजारपाजारच्यांसमोर बोलले." मग त्यांनी मान वर केली. "तुम्ही त्या दिवशी तिथेच का नाही सांगितलंत?"

"चारचौघांत लाज वाटली," सुहासिनी म्हणाली.

"आणि ह्यांना नसेल वाटली?"

काकांनीच मध्ये पडून "राहू दे गं" म्हटलं. मग थोडं अडखळत ते तिच्याकडे वळले. "मॅडम, पुढची परीक्षा दिवाळीनंतर आहे. साहेब थांबायचे नाहीत. पण मी ढ म्हणून नापास झालो नाही, हे त्यांना कळलं तर कदाचित थांबतील. तुम्ही माजिवड्याला येऊन त्यांना हे असंच सांगाल?"

साहेबांना सांगितलं की ते चांगदेव सरांच्या कानावर जाणार आणि मग आपल्याला क्लासमध्ये कोण उभं करणार, हे तिला तिथल्या तिथे दिसलं.

"येते," ती म्हणाली. "उद्याच जाऊ."

"आणि तिथे मान वर करून सांगा," गोदाबाई म्हणाल्या. "आत्तासारखं खाली बघून सांगितलंत, तर त्यांना वाटेल ह्यांनीच तुम्हाला पढवून आणलंय."