काचेवरचा ओरखडा

मी एक जुने फोटोकॉपी यंत्र आहे. मित्रांनो, तुम्हाला हे वाक्य साधे वाटेल. पण ते खरे आहे असे ठरायला चार वर्षे लागली, आणि तेवढा काळ मी अंगावर लाखेचे सील घेऊन गप्प उभे होते. आज सांगते, पण हळूहळू. थकलेल्या यंत्राला घाई करू नये.

माझे काम तुम्ही पाहिले असेल. काचेवर कागद पालथा ठेवायचा, झाकण लावायचे, बटण दाबायचे. आत एक दिवा सरकतो. अक्षरांचे प्रतिबिंब एका गोल नळकांड्यावर पडते, तिथे काळी पूड चिकटते, आणि ती पूड कोऱ्या कागदावर उतरून उष्णतेने पक्की बसते. यात मला काही वाचावे लागत नाही. पण वर्षानुवर्षे एकच मजकूर अंगावरून जात राहिला की वाचता येऊ लागते.

कारखान्यातून मी थेट कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या वसुली विभागात गेले. तिथे मी नोटिसा छापत असे. 'आपला हप्ता थकला असून तो सात दिवसांच्या आत भरावा.' खाली मोकळी जागा असे, तिथे कारकून हाताने नाव लिहायचा. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मिनिटाला पंचवीस प्रती, एकही अक्षर पुसट नाही! मग कौतुक संपले आणि नोटिसा वाढल्या. दिवसाला सहाशे, मग हजार.

एका सकाळी घाईत कारकुनाने पिन न काढताच कागद काचेवर ओढला. करकर असा आवाज झाला. काचेवर स्वल्पविरामासारखा, जेमतेम चार मिलिमीटरचा एक ओरखडा उठला. त्यानंतर माझ्या प्रत्येक प्रतीवर, उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, एक तिरका काळा डाग येऊ लागला.

साहेब म्हणाले, "हे काय?"

कारकून म्हणाला, "नोटीस वाचणाऱ्याचं तिकडे लक्ष जात नाही, साहेब."

ते खरेच होते.

पुढे त्या कंपनीचेच दिवाळे निघाले. तिने लोकांना जेवढे दिले होते, त्याहून जास्त स्वतः उसने घेतले होते. इतरांच्या दारी नोटिसा धाडणाऱ्या कंपनीच्याच दारावर एके दिवशी नोटीस चिकटली. टेबले, पंखे, खुर्च्या आणि मी, सगळ्यांवर क्रमांक घातले गेले आणि लिलाव झाला. एका विक्रेत्याने मला चार खुर्च्यांसोबत उचलले.

माझ्या पोटात एक आकडा असतो. आजवर किती प्रती काढल्या ते तो दाखवतो. त्या दिवशी तो नऊ लाख बारा हजारांवर होता. विक्रेत्याच्या माणसाने मला पुसले, बाहेरचे झाकण बदलले, नावाची नवी पट्टी चिकटवली आणि दोन बटणे एकदम दाबून धरली. आकडा शून्य झाला. मित्रांनो, माझी सगळी नोकरी दोन बोटांखाली पुसली गेली. काच तेवढी बदलली नाही, कारण काच महाग असते.

माझ्या मालकिणीने मला 'नवे' म्हणून घेतले. न्यायालयाच्या फाटकासमोर तिचे चिंचोळे दुकान होते. अर्ज, पाकिटे, तिकिटे आणि प्रती. किंमत पाच वर्षांच्या हप्त्यांनी फेडायची होती, आणि तिचा थोरला भाऊ जामीन राहिला होता. तो इस्पितळात लिफ्ट चालवत असे. मला पोचवले तो दिवस दावे दाखल करण्याचा शेवटचा दिवस होता. दुकानाबाहेर अकरा माणसे रांगेत उभी होती. विक्रेत्याच्या माणसाने पुढे केलेला कागद तिने माझ्याच झाकणावर ठेवला आणि न वाचता सही केली. कागदावर होते, 'माल तपासून घेतला, नवा व सुस्थितीत आहे.' तिने मला उघडूनही पाहिले नव्हते.

चार महिने मी ओढले. मग कागद अडकू लागले, पूड गळू लागली, आणि एका दुपारी जळका वास येऊन मी बंद पडले. विक्रेत्याचा मेकॅनिक आला. त्याने माझ्याकडे न बघताच सांगितले, "मॅडम, नवं मशीन आहे. रुळायला वेळ लागतो."

"आणि हा डाग? गिऱ्हाइकं रोज विचारतात."

"काच बदलून देतो फुकट. पुढच्या आठवड्यात."

तो पुढचा आठवडा कधीच आला नाही. पुढे कळले की तेच आमचे नशीब.

मालकिणीने ग्राहक न्यायालयात तक्रार केली. तिची वकीलबाई दुकानात आली, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "आजपासून याला हात लावायचा नाही. मशीन आता पुरावा आहे." सील लागले. मालकिणीने कोपऱ्यात भाड्याचे एक लहान यंत्र आणून बसवले. मिनिटाला सहा प्रती, त्याही खोकत खोकत.

खरी पंचाईत पुढे होती. गल्लीतला दुरुस्तीवाला माझ्या जाळीतून आत डोकावून म्हणाला, "ताई, दीड तासाचं काम आहे. नळकांडं आणि एक पट्टा बदलला की पळेल." म्हणजे मी दीड तासात बरे होऊ शकत होते. पण मला बरे केले, तर मी आजारी होते हे सिद्ध कसे करायचे? आणि यंत्रासाठी कर्ज देणारी संस्था म्हणत होती की तुमचे भांडण विक्रेत्याशी, आमचा हप्ता आम्हाला द्या. मालकिणीने वर्षभर भरला. मग जमेना. मग तो दर महिन्याला भावाच्या पगारातून कापला जाऊ लागला.

भाऊ आला की माझ्यावर टेकून उभा राहायचा.

"अगं, सील तोड आणि चालव. खटला गेला खड्ड्यात."

"दादा, एवढं एकदा होऊ दे."

"दोन वर्षं हेच ऐकतोय. घरी तुझी वहिनी पगाराची चिठ्ठी बघते आणि माझ्याशी बोलत नाही. तुझ्याशी तर नाहीच."

"मी फुकट घेतलं का? जुनं माझ्या गळ्यात मारलं त्याने!"

"मग सिद्ध कर ना. सही तर तुझीच आहे."

माझ्या झाकणावरची धूळ मात्र तो जाताना बाहीने पुसायचा. नंतर त्याने येणेच बंद केले. मला बोलता आले असते तर मी ओरडून सांगितले असते, 'मी जुने आहे!' पण यंत्राला साक्ष देता येत नाही.

तिसऱ्या वर्षी एक निवृत्त परिचारिका दुकानात आली. सगळे तिला सिस्टर म्हणत. त्या बुडालेल्या कंपनीचे कर्ज तिने केव्हाच फेडले होते, पण कंपनीच्या वह्यांचा घोळ झाला होता आणि तिला पुन्हा मागणी आली होती. जुने कागद जोडून उत्तर द्यायचे होते. औषधाच्या पाकिटांसारखे तिने सगळे तारीखवार लावून आणले होते. पावत्या, आणि अकरा नोटिसा.

"प्रत्येकी दोन काढ गं. आणि नीट काढ, हा डाग आधीचाच आहे, तुझा नाही."

मालकिणीचा हात थांबला. तिने नोटीस उचलून डोळ्यांजवळ नेली. मग आपल्या खटल्याच्या फाइलमधून माझी पहिल्या आठवड्यातली एक प्रत काढली, दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले. डाग डागावर बसला.

"सिस्टर, ही नोटीस कधीची?"

"तारीख आहे ना वर. मशीन घेतलंस त्याच्या सात वर्षं आधीची असेल."

मालकीण खाली बसली. सिस्टरने आपसूक तिची नाडी धरली.

न्यायालयात विक्रेता म्हणाला, डाग कुठल्याही यंत्रावर पडतो. मग न्यायालयाने नेमलेला तज्ज्ञ भिंग आणि पट्टी घेऊन आला. मोजमापावर माझा पहिल्यापासून विश्वास आहे, पण इतक्या शांतपणे मला कोणी मोजले नव्हते. माझ्या काचेवरचा ओरखडा, माझी एक प्रत आणि सिस्टरच्या अकरा नोटिसा. कागद यंत्रात एखादा मिलिमीटर इकडेतिकडे सरकतो, तेवढा फरक सापडला. लांबी, बाक आणि तिरपेपणा मात्र सगळीकडे तोच. एका कागदाला योगायोग म्हणता आले असते. अकरांना नाही.

निकाल लागला. यंत्र जुने आहे. वस्तूचे वय लपवले असेल, तर सहीमुळे ते लपवणे माफ होत नाही. उरलेले हप्ते रद्द, भावाचा जामीन रद्द. आधी भरलेले पैसे विक्रेत्याने परत द्यावेत.

पण तोवर विक्रेत्याने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्याची टेबले, पंखे, खुर्च्या पुन्हा क्रमांक घालून मांडल्या गेल्या. घेणेकऱ्यांच्या यादीत मालकिणीचा क्रमांक दोनशे बारा. वकीलबाई म्हणाली, "पैसे येतील, पण थोडे आणि उशिरा. धरून चालू नकोस." लिलावाच्या अधिकाऱ्याने माझ्याबद्दल एका ओळीत कळवले, 'यंत्र तुमच्याकडेच ठेवावे, मूल्य शून्य.' माझ्या आयुष्यातले हे दुसरे शून्य. पण या वेळी कोणी काही पुसले नव्हते.

सील निघाले. दुरुस्तीवाल्याने खरेच दीड तासात मला चालू केले.

जामीन रद्द झाल्याचे पत्र घेऊन भाऊ आला. दोन वर्षांनी. दारातच घुटमळला.

"याची एक प्रत हवी. पगारखात्यात द्यायची."

मालकिणीने पत्र माझ्या काचेवर ठेवले. दिवा सरकला. प्रत गरम गरम बाहेर आली, कोपऱ्यात डाग घेऊन. भावाने ती उलटसुलट पाहिली. "हाच का तो?"

"हाच. काच बदलू म्हणतोस तर—"

"अगं, मी नाही म्हणत. राहू दे." त्याने खिशातून नाणे काढून झाकणावर ठेवले.

"दादा, तुझ्याकडून घेऊ?"

"घे. मी तीन वर्षं हप्ते भरलेत, एवढ्याने काय होतंय?" तो हसला. मग ती. हसता हसता तिने नाक पुसले. जाताना त्याने बाहीने माझे झाकण पुसले, धूळ नसतानाही.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यावर एक पाटी लावली. ती आजही आहे: 'हे यंत्र जुने आहे. कोपऱ्यात डाग येतो. प्रत नीट पाहून मगच पैसे द्या.'

मित्रांनो, माझे आता फार दिवस उरलेले नाहीत. पट्टा पुन्हा कुरकुरतो आहे. तुम्ही मोठे व्हाल, वस्तू घ्याल, कागदांवर सह्या कराल. मागे रांग लागली असली, तरी वस्तूचे मागचे झाकण उघडून आत बघा आणि मगच सही करा. आणि कधी तुम्हीच विकायला बसलात, तर तिचे खरे वय सांगा. जुने असण्याची मला कधीच लाज वाटली नाही. मला नवे म्हटले, तेव्हा वाटली.