बोटभर बाहेरचं तळं

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. घडीचा, पाठीला कापड लावलेला. जुन्या वस्तू गोड बोलतात असं तुम्हाला वाटत असेल, तर पुढे वाचू नका. माझा राग अजून उतरलेला नाही.

छापखान्यात माझ्यावर रस्ते लाल छापले आणि पाणी निळं. कुलपं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने लग्नाच्या वर्षी मला विकत आणलं. त्याची बायको इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. ती माझी घडी बरोबर घालायची. तो मला फडक्यासारखा कोंबायचा. माझ्या मधल्या घडीला भोक पडलं ते त्याच्यामुळे.

पानगळ लागली की वर्षातली एकच तीन दिवसांची जोडून सुट्टी यायची. मग मला टेबलावर पसरायचे. तेव्हा त्यांच्याकडे स्कूटर होती. चार तासांहून जास्त चालवली की त्याची पाठ धरायची. म्हणून त्याने चार तासांच्या रस्त्याएवढा दोरा कापला. एक टोक टाचणीने घरावर टोचायचं आणि दोरा गोल फिरवायचा. दोऱ्याच्या आत येईल तिथेच जायचं. दरवर्षी ती टाचणी माझ्या अंगात घुसायची.

एकदा धुक्यात फाटा चुकला, तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "हा नसता तर आज नदीत असतो." एवढंच काय ते माझं कौतुक.

डोंगरापलीकडे एक तळं होतं. तिने त्यावर बोट ठेवलं.

"इथे जाऊ या का?"

"दोऱ्याबाहेर आहे."

"बोटभरच आहे हो. जरा ताणा की दोरा."

"आज बोटभर, उद्या हातभर. पुढे बघू."

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षीपासून तिने विचारणं सोडलं. नुसतं बोट ठेवायची आणि उचलायची. तिथला माझा निळा रंग झिजून पांढरा पडला. तो समोरच बसलेला असायचा. त्याला दिसला नाही.

पुढे मुलगी झाली, स्कूटर विकली, मोटार आली. दोरा मात्र तोच राहिला. मला ओरडून सांगता आलं असतं, तर मी सांगितलं असतं. मग घरात रस्ता दाखवणारे फोन आले आणि मी खणात गंजक्या किल्ल्यांखाली गेलो.

या वर्षी त्याची बायको गेली. दोन महिन्यांच्या आजारात.

पानगळ लागल्यावर मुलगी आणि जावई आले. जावयाने फोनवर एक हॉटेल दाखवलं.

"पोहायची सोय आहे, बाबा. सकाळचा नाश्ता आहे."

"नाश्ता घरी मिळतो, जावईबापू. आणि बुडायचंच असेल तर घरी बादली आहे."

"मग तुम्ही सांगा कुठे जायचं," मुलगी म्हणाली.

"मी कुठेही येत नाही. तुम्ही जा."

"घरात बसून भिंतींशी भांडणार का?"

"हा घ्या नकाशा, जा तुम्ही," म्हणत त्याने खण ओढला आणि मला टेबलावर आपटलं. तेव्हा मुलीला तो पांढरा ठिपका दिसला.

"आईला इथे जायचं होतं ना?"

"लांब आहे ते. दोऱ्यात बसत नाही."

"किती लांब?"

"चार तासांच्या वर."

तिने फोनवर बघितलं. "अडीच तास."

"तुझा फोन खुळा आहे."

"फोन नाही खुळा. तुमचा दोरा स्कूटरचा आहे, बाबा. बारा वर्षं आपल्याकडे मोटार आहे."

त्याने मला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. मी मधल्या घडीवर टरकन फाटलो. जावई उठला. मुलगी जागची हलली नाही.

"फाडा," ती म्हणाली. "आईचा एवढाच एक हट्ट होता, तोही जाऊ दे."

त्याचे हात थांबले. त्याने दोन्ही तुकडे खाली ठेवले आणि विचारलं, "शनिवारी किती वाजता निघायचं?"

ते तिघं गेले. मला दोन तुकड्यांत मागच्या सीटवर टाकलं होतं, घडी न घालता. सकाळी नऊला निघाले आणि साडेअकराला पोचले. मुलीने थर्मास उघडला, तर चहा वाफाळत होता. त्याने कप घेतला, पण तो मोटारीतून खाली उतरेना. इतक्या लवकर पोचलो, हेच त्याला सोसत नव्हतं. मला त्याची दया आली नाही.

मित्रांनो, मला चिकटवू नका, काचेत लावू नका. तुमच्या घरात कोणी एकाच ठिकाणाचं नाव दुसऱ्यांदा घेतलं, तर त्याच दिवशी उठून अंतर पुन्हा मोजा. तिसऱ्यांदा ते माणूस विचारत नाही.