हामानचं नाव मोठ्यानं वाचतात

इबोयाआजीच्या तोंडून एका माणसाचं नाव कधीच कुणी ऐकलं नव्हतं. त्याचा विषय निघालाच, तर ती म्हणायची, "तो, ज्याचं नाव पुसलं जावो." आम्हा ज्यूंमध्ये नीच माणसाला शाप देतात तो असाच. त्याचं नाव उच्चारायचं नाही, म्हणजे हळूहळू ते जगातून जातं. आजीनं हे व्रत ऐंशी वर्षं पाळलं होतं.

नात हदास लष्करातून सुटून घरी आली आणि इस्रायलमधल्या हैफाच्या त्या छोट्या स्वयंपाकघरात आजीला फोनपुढे बसवू लागली. आजी हंगेरीतल्या आपल्या गावाबद्दल बोलायची, नाझींच्या छळछावणीबद्दल बोलायची. इन्स्टाग्रामवर हजारो लोक बघत. काही मेले खाली लिहीत, म्हातारी खोटं बोलते. हदास ते पुसायला गेली की आजी म्हणायची, राहू दे, शिव्या कोण देतं ते दिसू दे.

सगळ्या ज्यूंना मारायला निघालेला हामान ज्या दिवशी हरला, त्या पुरीमच्या सणाला चार दिवस होते. दोघी हामानचे कान करत होत्या, म्हणजे त्या सणाच्या तिकोनी करंज्या, आत खसखस भरलेल्या. तेवढ्यात हंगेरीहून एका तरुण बेकरीवाल्याचा निरोप आला. आजीबाई आमच्याच गावच्या, हे व्हिडिओतून कळलं, फार आनंद झाला. यंदा आमच्या बेकरीला ऐंशी वर्षं होतात. पणजोबांनी चव्वेचाळीस साली सुरू केली. त्यांच्या खास खसखशीच्या रोलचा एक डबा आजीबाईंना पाठवू का? खाली कापलेल्या रोलचा फोटो होता.

आजीनं चष्मा लावला. खसखशीच्या खाली आलुबुखाराच्या मुरंब्याची बारीक काळी रेघ होती. गावात तशी रेघ घालणारा एकच माणूस होता, आजीचा बाप.

तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं ते हदासनं त्या दिवशी पाहिलं. आजीनं करंजीचं पीठ तसंच टाकलं आणि आजवर न सांगितलेलं सांगून टाकलं. ज्याचं नाव ती घेत नव्हती तो, म्हणजे या बेकरीवाल्याचा पणजोबा, बापाच्या पावाच्या भट्टीवर कामाला होता. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा. शिपाई ज्यूंची घरं रिकामी करायला आले तेव्हा बापानं तिच्या धाकट्या भावाला, बांडीला, त्याच्याकडे सोपवलं. पाच वर्षांचं पोर पिठाच्या माळ्यावर लपवलं. बाकीचे रस्त्यावर रांगेत उभे होते. तेवढ्यात तो बांडीला बोटाला धरून घेऊन आला. पोराच्या हातात खसखशीचा रोल होता. शिपायाला म्हणाला, "हा राहिला होता." संध्याकाळी भट्टीची किल्ली त्याच्याकडे होती. आणि बांडी छावणीच्या पहिल्याच दिवशी गेला.

"म्हणून चव्वेचाळीस साल," हदास म्हणाली.

बेकरीवाल्या पणतूला यातलं काही ठाऊक नव्हतं. कुठून असणार? आजीच्या शापानं त्या खानदानावर पांघरूणच घातलं होतं. ऐंशी वर्षं ते उजळ माथ्यानं पाव विकत होते.

आजी फोनपुढे ते नाव घेणार हे कळताच तिचा मुलगा नाफ्ताली धावत आला. तो जन्मभर या घरात मूग गिळून वाढलेला. म्हणाला, आई, ते नाव तू तोंडात घेऊ नकोस, अशानं मेलेला सैतान जिवंत होतो.

"पुसायचं काम मी देवावर सोपवलं होतं, नाफ्ताली," आजी म्हणाली. "पुसलं गेलं कोण? माझा बांडी. त्याचा एक फोटोसुद्धा नाही माझ्याकडे."

"पण आपल्यात नाव घेत नाहीत..."

"आणि हामानचं? दर पुरीमला देवळात त्याच्या गोष्टीत ते मोठ्यानं वाचतात की नाही? वाचतात, मग पाय आपटतात. वाचलंच नाही तर पाय कशावर आपटायचे रे?"



पुरीमच्या सकाळी आजी निळा झगा घालून फोनपुढे बसली. गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, बांडीचं सांगितलं, रोलमधली काळी रेघ सांगितली. मग ते नाव घेतलं. गाश्पार वेरेश. पुन्हा घेतलं, हंगेरीतल्या माणसांना नीट कळेल असं. आणि सपाता घातलेला पाय जमिनीवर इतक्या जोरात आपटला की ओट्यावरचा चहाचा पेला हलला. तिला बरं वाटलं. सूड गोड लागतो हे तिनं कुणापासून लपवलं नाही.

दुपारपर्यंत ते नाव त्या गावात घरोघरी पोचलं. संध्याकाळी बेकरीच्या काचेवर कुणीतरी काळ्या रंगानं लिहिलं, "हा राहिला होता." हदासनं तो फोटो दाखवला तेव्हा आजीनं दोन करंज्या खाल्ल्या.

चार दिवसांनी पणतूचं पत्र आलं. यावेळी गोडवा नव्हता. त्यानं लिहिलं होतं, मी बापाला विचारलं, बाप नुसता उठून गेला. म्हणजे खरं असेल. मी पाटीवरचं साल काढतो, माफी मागतो. पण तेवढं नाव काढा. माझा मुलगा याच गावात बालवाडीत जातो. पोरं त्याला चिडवतात. पाच वर्षांचा आहे.

हदासनं पत्र वाचून दाखवलं. तिचं बोट फोनवर घुटमळलं. "आजी, काढू का गं?"

आजीनं विचारलं, "चिडवतात, मग तो रडत घरी येतो का?"

"येत असेल."

"घरी येतो ना? रात्री आईपाशी झोपतो ना?"

"हो, आजी."

"मग नाव राहू दे."