गालाचा नमुना

बैल घ्यायचा तर दात बघायचे, भेंडी घ्यायची तर टोक मोडून बघायचं आणि नव्या सुनेला सासरी नीट जेवायला मिळतं की नाही हे कळायला तिचे गाल बघायचे, असं त्या गावात सगळ्यांचं पक्कं मत होतं. या तिसऱ्या परीक्षेत रुपा नापास झाली होती.

वैशाखात लग्न होऊन ती मुधोळहून आदिलाबादकडच्या, जैनथजवळच्या या गावात आली तेव्हाच बारीक होती. माहेरी ती भावाच्या बरोबरीनं जेवायची. त्यातून भाऊ रुंद झाला आणि रुपा लांब झाली. खाल्लेलं जातं कुठं, हे तिच्या आईलाही कधी सापडलं नव्हतं. पण सासरच्या गावाला हा इतिहास कोण सांगणार? दिवाळीच्या आधी जैनथच्या आठवडी बाजारात प्रयागबाई मेथीच्या जुड्या बांधता बांधता, कोणाकडेही न बघता म्हणाली, की काही घरांत बैलाला पेंड मिळते पण सुनेला मिळत नाही. प्रयागबाईचं पोतं कौशल्याबाईच्या पोत्याला लागूनच अंथरलेलं असतं. त्यामुळे कोणाकडेही न बघता बोललेलं बरोबर जागी पोचलं.

कौशल्याबाई म्हणजे रुपाची सासू. घरचा भाजीचा मळा, त्यात हिवाळ्याला बीट. बाजारात तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. तिच्याकडे नमुना एकच मिळायचा. गिऱ्हाइकानं एक भेंडी मोडून बघावी. दुसरी मोडली तर पाव किलो घ्यावीच लागे. हा नियम तिच्या सासूपासून चालत आला होता आणि आता सगळा बाजार तो पाळायचा. मेथीवाल्यांचीही त्यातून सुटका नव्हती.

अशी ही बाई त्या दिवशी मात्र गप्प राहिली. घरी येऊन तिनं रुपाच्या भाकरीवर लोणी ठेवलं आणि लोण्यावर बीट ठेवलं. तिथून पुढं बीटच सुरू झालं. बिटाची भाजी, बिटाची चटणी, बिटाचं थालीपीठ आणि एकदा, कोणाला काही कल्पना न देता, बिटाचा चहा. रुपा निमूट खायची, कारण सासू समोर बसून, दूध कधी वर येतं ते बघावं तशी तिच्या गालांकडे बघत असायची. दूध काही वर आलं नाही. एकदा चुलीपाशी कौशल्याबाई आपल्या लेकाला, संतोषला, हळू आवाजात म्हणताना रुपानं ऐकलं, की ही माहेरी गेली की हिची माय मला काय म्हणेल.

रुपाला ही बाई आवडत होती. सगळा घोळ तिथंच होता. सासू वाईट असती तर रुपा निवांत बारीक राहिली असती.

मग तिनं मयूरीला फोन लावला. मयूरी तिची शाळेतली मैत्रीण, आता आदिलाबादजवळ मावल्याला एका पार्लरमध्ये कामाला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की पोट भरायला वर्ष लागतं, गाल भरायला ब्लश पुरतो. नवशिक्या हाताला पावडरच बरी, जास्त झालं तर झटकता येतं. रंग कोणता, याचं उत्तर दुकानात नसतं, आपल्याच गालात असतं. चिमटा काढायचा आणि जो रंग उमटेल तोच घ्यायचा. रुपानं आदिलाबादच्या दुकानात उभं राहून आपल्या गालाला इतके चिमटे काढले, की दुकानदारानं हिंदीतून विचारलं, दाढ दुखती है क्या. पण रंग मिळाला. पिकायला आलेल्या पेरूच्या आतल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून तिनं आरशासमोर थोडं हसून घेतलं, गालाचा जो भाग वर आला त्यावर कुंचला फिरवला, वरच्या अंगाला ओढला, आणि भाकरी थापायला जाऊन बसली. कौशल्याबाईनं तिच्याकडे पाहिलं. तव्यावरची भाकरी करपू दिली, पण नजर काढली नाही.

"आला," ती म्हणाली. "रंग आला माय."

दुपारपर्यंत गावाला कळलं आणि पुढच्या बाजारापर्यंत तालुक्याला. कौशल्याबाईनं रुपाला बिटाच्या ढिगामागं बसवलं. बाया यायच्या, गालाकडे बघायच्या, बिटाकडे बघायच्या आणि पिशवी उघडायच्या. एका तेलुगू अम्मानं तर बीट रुपाच्या गालाशेजारी धरून रंग जुळतो का ते पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. कौशल्याबाई सगळ्यांना एकच सांगायची, की माझ्या हातचं खाऊन झालं हे. आणि हे सांगताना तिचा आवाज असा भरून यायचा, की रुपाला ढिगाखाली जाऊन बसावंसं वाटायचं.

आता माघार नव्हती. एखाद्या दिवशी बीट नसतं तर चाललं असतं, गाल नसते तर नाही. ताप असो, उपास असो, कोणाच्या मयताला जायचं असो, रुपाचे गाल टवटवीत. आधी कौशल्याबाईवर सुनेला उपाशी ठेवल्याचा आरोप होता. उद्या हे उघडं पडलं, तर उपाशी ठेवून वर रंगवल्याचा होणार होता, आणि तोही भरबाजारात, प्रयागबाईच्या शेजारी. बिचाऱ्या सासूला यातलं काही माहीतही नव्हतं. या एका विचारानं रुपाची भूक गेली आणि ती आणखी बारीक झाली. मग ब्लश जरा जास्त लागू लागला.

त्यातच थंडी पडली. आदिलाबादची थंडी माणसाला तडकवते. रुपाच्या गालांवर बारीक साल सुटली आणि पावडर त्या सालीवर बसू लागली, पोपडे सुटलेल्या अंगणात रांगोळी अडकावी तशी. जवळून बघणाऱ्याला गाल दाणेदार दिसत. मयूरी म्हणाली, आता पावडर सोड, जेल घे. कोरड्या कातडीला ओलंच धरतं. पण जेल सांभाळून. मोहरीएवढं घ्यायचं आणि बोटानं थापटत लगेच पसरायचं. एक गाल पुरता झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, कारण वाळलं की ते जागचं हलत नाही.

हलत नाही म्हणजे काय, ते रुपाला पहिल्याच दिवशी कळलं. ठिपका ठेवून ती उतू चाललेलं दूध बघायला गेली आणि परत आली तोवर गालावर पक्का गोल टिळा झाला होता. डास चावला, असं तिनं घरात सांगितलं. संतोषनं संध्याकाळी घरात कडुलिंबाचा धूर केला.

पण हात बसला. जेलचे गाल आतून आल्यासारखे दिसत, घामानं ओघळत नसत, पदराला लागत नसत. जरा जीवाला स्वस्थता आली.

आणि मग तो बाजाराचा दिवस आला. पहाटेच्या अंधारात रुपाचा डावा गाल करून झाला आणि लाइट गेली. जेलची नळी हातातून निसटली आणि घरंगळत धान्याच्या कोठीखाली गेली. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, कौशल्याबाई बिटाची पोती चढवून हाका मारत होती. रुपानं कोठीखाली हात घातला, तो कोपरापर्यंत गेला आणि एक जुना कांदा घेऊन परत आला. शेवटी तिनं मोबाइलच्या उजेडात पावडरची जुनी डबी शोधली आणि उजवा गाल त्यावर भागवला. एक गाल ओल्याचा, एक कोरड्याचा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे गाल घेऊन ती ऑटोत बसली.

बाजारात कोणाच्या लक्षात आलं नाही. बीट चाललं होतं. मेथी चालली नव्हती. ऊन वर आलं तशी मेथी मान टाकू लागली आणि प्रयागबाई तिच्यावर ओलं फडकं फिरवता फिरवता रुपाकडे बघू लागली. मग ती उठली. फडकं पिळलं. ढिगाच्या पुढं येऊन उभी राहिली.

"कौशल्याबाई, तुमच्या बिटाचा रंग पक्का हाय का कच्चा, पाहू द्या आमाले बी."

आजूबाजूच्या बाया थांबल्या. कांदेवाल्या म्हाताऱ्यानं तराजू खाली ठेवला. रुपाला कौशल्याबाईच्या चेहऱ्याकडे बघवेना. आणि बघितलं तेव्हा ती बाई शांतपणे बिटावरची माशी हाकलत होती.

"पाहा ना," ती म्हणाली. "नमुना पाह्याले कोण नाही म्हणते."

समोर उभ्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या गालावर येतो, ही गोष्ट रुपाला शाळेत कोणी शिकवली नव्हती. ती तिथंच शिकली. गार फडकं डाव्या गालावर आलं. प्रयागबाईनं पितळेचं भांडं घासावं तसं घासलं, खालून वर, वरून खाली, कानापर्यंत. मग फडकं उलटून सगळ्यांसमोर धरलं. त्यावर मेथीचा हिरवा होता, मातीचा काळा होता. लाल नव्हता. गाल उलट घासून आणखी लाल झाला होता आणि सगळ्यांना बघायला समोर होता.

बायांमध्ये कुजबुज झाली. एकीनं तेवढ्यात बीट निवडायला घेतलं.

प्रयागबाईनं फडकं उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं.

रुपानं डोळे मिटले. तिला वाटलं, आता मुधोळची बस किती वाजता असते ते आठवून ठेवावं.

"थांबा," कौशल्याबाई म्हणाली. "नमुना एकच. दुसरा पाह्यचा आसन तर पाव किलो घ्या लागते."

सगळे प्रयागबाईकडे बघू लागले. ती म्हणाली, की ही काय भेंडी आहे का. कांदेवाल्या म्हाताऱ्यानं घसा साफ केला आणि न्यायनिवाडा करावा तसं सांगितलं, की नियम मालाला आहे, माल कोणता ते नियमात नाही. त्याच्या बापाच्या वेळेपासून असंच आहे. बायांनी माना हलवल्या. कौशल्याबाईनं तराजू उचलला, एका पारड्यात पाव किलोचं माप ठेवलं आणि दुसऱ्या पारड्यात एक बीट ठेवून वाट बघू लागली.

भरबाजारात कौशल्याबाईचं बीट विकत घ्यायचं, यापेक्षा प्रयागबाईनं मेथीचं पोतं पैनगंगेत सोडलं असतं. तिनं पारड्यातल्या बिटाकडे पाहिलं. मग फडकं परत मेथीवर टाकलं आणि जागेवर जाऊन बसली. जीव भांड्यात पडतो म्हणतात. रुपाचा पारड्यात पडला. तिला तो बिटाशेजारी स्पष्ट दिसला.

संध्याकाळी रिकामी पोती मांडीवर घेऊन दोघी ऑटोत बसल्या. कौशल्याबाई रुपाच्या उजव्या बाजूला होती. रस्त्याच्या दोन्ही कडेला वेचणी होऊन गेलेला कापूस उभा होता. मग कौशल्याबाईनं अंगठा रुपाच्या उजव्या गालावरून फिरवला, अंगठ्याकडे पाहिलं आणि तो शांतपणे पोत्याला पुसला.

"उद्यापासून दोनीकडं ते ओलंच लावत जा," ती म्हणाली. "हे कोरडं मले आज दिवसभर धाकात ठेवून राह्यलं होतं."

रुपानं पटकन आपला गाल चाचपला. ती म्हणाली, "आत्याबाई, तुमाले कवापासून ठाऊक हाय?"

"पोरी, मी या घरी लग्न होऊन आली तवापासून बीट पिकवतो, अन् जे इकल्या जात नाही ते मीच खातो." कौशल्याबाईनं तोंड तिच्याकडे वळवलं. "माह्या गालाकडं पाह्य एकदा."

रुपानं पाहिलं. कौशल्याबाईचे गाल तव्याच्या मागच्या बाजूसारखे होते. दोघी हसू लागल्या, त्या अशा, की ऑटोवाल्यानं आरसा फिरवून मागं बघितलं.

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तू माह्यासाठी करून राह्यली होती. कोणी आपल्यासाठी काही करते त मधात कशाले बोला." मग ती म्हणाली, "अन् बीट बी जाऊन राह्यलं होतं."

रुपानं मग सगळा धीर गोळा करून शेवटचं विचारलं. तिला आता बीट खावं लागेल का.

"नोको खाऊ माय," कौशल्याबाई म्हणाली. "मले बी नाही आवडत."

घरी गेल्यावर कळलं, की संतोषलाही आवडत नव्हतं. चहा पिऊन तर तो दोन दिवस शेतातच जेवला होता. त्या रात्री घरात वांग्याची भाजी झाली आणि रुपानं ती, माहेरी भावाच्या बरोबरीनं खायची तशी, खाल्ली. बाजारातले गाल आता दोघींच्या सल्ल्यानं होतात. थोडं जास्त झालं की कौशल्याबाई चुलीपाशी बसूनच सांगते, की इतकं बीट आपण पिकवत नाही.

पुढच्या बाजाराला प्रयागबाईच्या पोत्यामागं तिची सून दीपमाला येऊन बसली. ती घरीच असायची, कोणी तिला बाजारात पाहिलं नव्हतं. तिचे दोन्ही गाल लालभडक होते, कडेला रेघ दिसेल असे आणि जरा दाणेदार. प्रयागबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, की हे मेथीनं होतं.

कौशल्याबाईनं एकदा तिकडे बघितलं, एकदा रुपाकडे बघितलं, आणि मुद्दाम पाठ फिरवून कांदेवाल्याशी बोलत बसली. दीपमाला घाबरलेल्या डोळ्यांनी समोरचं ओलं फडकं जरा जरा करून आपल्यापासून लांब सरकवत होती. रुपा बीट रचण्याच्या निमित्तानं तिच्याकडे झुकली.

"थंडीत पावडर नोको लावू," ती हळूच म्हणाली. "ओलं घे. अन् लाइट जायच्या आधी दोनी गाल करून घेत जा."