पाठमोरी बाई आणि कमळाकाकीची भिंत

भिवंडीजवळच्या अंजूरच्या बाळाराम पाटलाने खाडीजवळच्या शेतात गोडाऊन बांधलं, तेव्हा त्यात टीव्हीचे खोके येतील, चपला येतील, गेलाबाजार शाम्पूच्या बाटल्या तरी येतील, असं त्याच्या बायकोला, कमळाला, वाटलं होतं. आली चित्रं. मुंबईतल्या एका जुन्या कलासंग्रहालयाने आपली घुमटाची दगडी इमारत लोकांना कॉफी प्यायला, भाषणं ऐकायला आणि निवांत बसायला मोकळी केली होती. त्यात चित्रांची अडचण व्हायला लागली, म्हणून ती भिवंडीकडे रवाना झाली.

चित्रांमागोमाग करिष्मा नावाची आर्किटेक्ट आली. उद्याचं म्युझियम कसं असावं हे ठरवायला संग्रहालयाने तिला नेमलं होतं. पोरगी मनाने चांगली होती, पण तिला कुठलीही भिंत दिसली की तिचा जीव कासावीस व्हायचा. तिने गोडाऊनभर फेऱ्या मारल्या आणि शेवटी बाळारामच्या ओटीवर येऊन बसली.

"काका, गोडाऊन नको. तीसुद्धा इमारतच झाली. इमारत म्हटली की आत आलं, बाहेर आलं. उद्याच्या म्युझियमला बाहेर नसणार."

"म्हंजी समदा आतच?" कमळाने विचारलं.

"अगदी बरोबर, काकी!" करिष्माचे डोळे भरून आले. इतक्या लवकर तिचं म्हणणं आजवर कोणालाच पटलं नव्हतं. कमळाला तर काही पटलंही नव्हतं, तिने नुसतं विचारलं होतं.

पण त्यावरून ठरलं. चित्रं गावातल्या घराघरांत लागली. शेजारच्या ठकुबाईकडे फळांची परडी गेली, पिठाच्या गिरणीत एक लढाई गेली, आणि कमळाच्या मावळतीकडच्या भिंतीवर एक भलंमोठं चित्र आलं. त्यात एक बाई स्टुलावर बसली होती, पाठ करून.

"ही कवा वलनार?" कमळाने पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाही वळत, काकी. तीच तर गंमत आहे."

कमळाला यात गंमत दिसेना. पाहुणी म्हणून घरात यायचं, चांगल्या खोलीतली चांगली भिंत घ्यायची आणि घरच्यांकडे पाठ करून बसायचं! वर तिचे लाड किती. तिला उकडू नये म्हणून एसी आला. तिच्यावर ऊन पडू नये म्हणून खिडक्यांना काळे पडदे आले. उदबत्ती बंद झाली. बोंबील तळायचे तर कमळा कढई घेऊन ठकुबाईकडे जायची, पण फळांच्या परडीलाही तेलाची वाफ चालत नव्हती, तेव्हा दोघी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या वीटभट्टीवर जाऊन मासे तळायच्या. बाळाराम मात्र खूश होता. जेवला की पाठमोऱ्या बाईच्या एसीत चटई टाकून पडायचा, आणि बघायला आलेले लोक त्याला ओलांडून जायचे.

लोक येत होते. चपला काढून आत यायचे, बाईच्या पाठीकडे बघायचे, हळू आवाजात बोलायचे. कमळा चहा द्यायची. होता होता तिचीच चूळबूळ वाढत गेली. भांडी घासतानाही तिच्या मनात यायचं, हिचं तोंड कसं असेल? रडत असेल का? का नुसतीच जांभई देत असेल?

अशात पूर्वीचं लग्न ठरलं. पूर्वी ही कमळाची धाकटी लेक. लग्न नवऱ्याच्या दारात होणार होतं, पण हळद इथे, आणि आगऱ्याच्या घरची हळद म्हणजे गाव जेवायला, गाव नाचायला. लग्नातली गाणी, म्हणजे धवले, गायला गोदूबाईला सुपारी गेली, आणि पूर्वीने डीजे सांगितला. डीजेचं नाव ऐकताच करिष्माचा चेहरा पांढरा पडला.

"काकी, भिंत हादरली की रंगाचे पोपडे निघतील."

"मग तुजी बाय ने जरा दोन दिवस दुसरीकडं."

"चित्र भिंतीवरून काढता येत नाही. करारात तसं लिहिलंय. भिंतीपासून चित्र वेगळं करायचं नाही."

"मंग माज्या पोरीची हलद कुठं करू? भट्टीवं?"

 करिष्मा उठली, भिंतीवर बोटाने टकटक केलं, वर बघितलं, खाली बघितलं आणि आनंदाने ओरडली, "स्लॅब खांबांवर आहे! भिंत नुसती मधे भरलेली आहे! काकी, चित्र भिंतीवरून काढायचं नाही असं लिहिलंय. भिंत घरातून काढायची नाही, असं कुठेच लिहिलेलं नाही!"

बाळाराम चटईवर उठून बसला. "म्हंजी?"

म्हंजी काय ते हळदीच्या सकाळी कळलं. क्रेन आली, ट्रेलर आला. कारागिरांनी कडेकडेने भिंत कापली, तिला लोखंडी चौकट घातली, आणि स्वयंपाकघराची खिडकी, विजेचा बोर्ड आणि पाठमोरी बाई यांच्यासकट कमळाच्या घराची एक बाजू उचलली गेली. ट्रेलरचा ड्रायव्हर मोठ्या अदबीने म्हणाला, "माताजी, घबराना नहीं. परसों वापस लगा देंगे."

हळद झाली, आणि अशी हळद गावात कोणी पाहिली नव्हती. घराला भिंतच नाही म्हटल्यावर मांडव कुठे संपतो आणि घर कुठे सुरू होतं तेच कळेना. नाचणारे नाचत नाचत स्वयंपाकघरात जायचे आणि मटणाची वाटी घेऊन नाचत बाहेर यायचे. गोदूबाई भर घरात पाटावर बसून गात होती आणि पार बांधावरच्या बायकांना ती दिसत होती. खाडीवरचा वारा थेट नवरीच्या अंगावर येत होता. कमळा त्या गर्दीत उभी राहून हसली आणि मग पदर तोंडाला लावून रडलीही, कारण पूर्वी उद्या जाणार होती.

पूर्वी गेली. परवा आला, पण भिंत आली नाही.

भिंत घेऊन परतणारा ट्रेलर अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता. तिथे अडकणं काही नवं नव्हतं, पण या खेपेला अडकलेल्यांना बघायला काहीतरी होतं. रिक्षावाले उतरले, टेम्पोवाले उतरले, शिफ्ट सुटलेले पॉवरलूमवाले सायकली लावून थांबले. मग गंमत अशी झाली की पुढचा रस्ता मोकळा झाला तरी कोणी हलेना. दगडी इमारतीत वर्षभरात जेवढे लोक यायचे त्याहून जास्त इथे एका दुपारी गोळा झाले. मुंबईला ताबडतोब बैठक बसली. उद्याचं म्युझियम सापडलं होतं, आणि ते कमळाच्या घराची भिंत होती.

ही बातमी कळताच कमळा रिक्षा करून फाट्यावर गेली.

ट्रेलर रस्त्याच्या कडेला उभा होता आणि भिंतीभोवती जत्रा भरली होती. वज्रेश्वरीहून देवीचं दर्शन घेऊन परतणाऱ्या बायकांची एसटी थांबली होती. त्यांतली एक कमळाला म्हणाली, "पुढून बघून उपयोग नाय गं. मागं रांग हाय. तोंड बघायला मागूनच जावं लागतंय."

खरंच भिंतीमागे रांग होती. बाई पाठमोरी बसलीय म्हणजे तिचं तोंड पलीकडून दिसणार, हे सगळ्यांना आपोआप पटलं होतं. लोक वळसा घालून मागे जात, बराच वेळ बघत, आणि समाधानाने मान हलवत बाहेर येत.

कमळाला ठाऊक होतं की मागे काय आहे. तिच्या घराची बाहेरची बाजू, अर्धवट उडालेला निळा रंग आणि मोरीच्या पाइपाचं भोक. ते तिने लग्न होऊन आल्यापासून पाहिलं होतं. तरी ती रांगेत उभी राहिली. पाय दुखायला लागले तरी हलली नाही. तिची पाळी आली. तिने बघितलं. निळा रंग, पाइपाचं भोक. तिने नीट, सावकाश बघितलं. मागचा माणूस हळूच म्हणाला, "मौसी, कैसी है?"

"थकलेली हाय," कमळा म्हणाली, आणि आपण असं का म्हणालो, याचं तिलाच नवल वाटलं.

करिष्मा तिथेच ट्रेलरच्या केबिनजवळ उभी होती. कमळाने तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. "पोरी, बाय तुजी. भिंत माजी. कवा लावतंस?"

"काकी, आता ती भिंत संग्रहात गेली. परत नाही देता येत." करिष्मा ओशाळली, मग जरा सावरून म्हणाली, "उरलेलं घर इकडे आणता येईल."

"आनि आमी ऱ्हायचं कुठं?"

"तेच मीटिंगमध्ये विचारलं मी. पुढच्या मीटिंगला घेतलाय तो विषय."

कमळा ट्रेलरच्या पायरीवर बसली. "मना भिंत पायजे. ही नसंल तं दुसरी दे. भिंत घेतल्याबिगर मी उठाची न्हाय." पुढच्या मुक्कामाला निघालेला ट्रेलर तिच्यामुळे अडला. मुंबईला फोनाफोनी झाली, आणि संध्याकाळच्या आत संग्रहालयाने आपल्या दगडी इमारतीतली एक भिंत तिच्या नावे पाठवून दिली. तिथे आता भिंतींचं काही काम राहिलं नव्हतं.

ही भिंत प्रदर्शनात चित्रं टांगायची, पांढरीशुभ्र, गुळगुळीत आणि चाकांवरची. बाळारामने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "आगो, ही कसली भिंत? ही तं हातगाडी."

पहिले दोन दिवस कमळानेही तिला दोर बांधून ठेवलं. तिसऱ्या दिवशी ठकुबाई सुना-नातवंडांसह जेवायला आली आणि जागा पुरेना. कमळाने दोर सोडला, खांदा लावला आणि भिंत थोडी पुढे ढकलली. खोली वाढली. तिने आणखी ढकलली. ओटी आत आली, मग तुळस आत आली, मग शेवग्याचं झाड आत आलं. मुलं ओरडायला लागली, ठकुबाई पदर खोचून मदतीला धावली, आणि दोघी दमून थांबल्या तेव्हा भिंत थेट गावच्या रस्त्यावर उभी होती.

पलीकडे भिवंडीहून आलेली रिक्षा थांबली. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. मग भिंतीच्या कडेने रिक्षावाल्याने डोकं आत घातलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "काकी, घर जरा मागं घेता का?"